किड्याचं गाणं

दुपारची जेवणं उरकली की चेची शिलाई मशीनवर कापड झाकायची आणि खाली चटई अंथरायची. चटईवर ओळीने तिघं: तिचा मुलगा, मी आणि माझी धाकटी बहीण. चेचीच्या गळ्यात टेप तसाच लोंबत असायचा, साडीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे आणि मधल्या बोटातलं अंगुस्तान काढायला ती हमखास विसरायची. त्यामुळे तिचं थोपटणं म्हणजे चार बोटं मऊ आणि एक कडक. मग ती गायला लागायची. पहिलीच ओळ, ‘ओमनत्तिंकळ् किडावो’.

‘किडा’ कानावर आला की आम्ही तोंडं दाबून हसायचो. पाठोपाठ दुसरी ओळ यायची, ‘नल्ल कोमळत्तामरप्पूवो’. पहिल्या ओळीत किडा, दुसऱ्या ओळीत पू. सहा वर्षांच्या मराठी पोराला गाण्यात आणखी काय हवं असतं? ‘चेची, किड्याचं गाणं म्हण ना,’ ही फर्माईश रोजची. सुरुवातीला तिला वाटलं, पोरांनी गाण्याला लाडाचं नाव ठेवलंय. मग ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एका बाईने तिला किडा म्हणजे काय ते सांगितलं. चेचीने आम्हाला उठवून बसवलं आणि निक्षून बजावलं, ‘किडा नाय रे. बाळ. बाळ.’ आम्ही माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किड्याचं गाणं मागितलं.

हे अंबरनाथ, साल १९८२-८३. ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत. बाबा फॅक्टरीत, आई शाळेत शिक्षिका, आणि आईची शाळा सुटेपर्यंत आम्ही दोघं समोरच्या क्वार्टरमध्ये. फॅक्टरीत देशभरातून माणसं आलेली, त्यामुळे एका जिन्यावर चार दारं आणि चार भाषा. नळावरची भांडणं सगळे हिंदीत सुरू करायचे आणि हाताबाहेर गेली की ज्याच्या त्याच्या भाषेत संपवायचे. चेची हे काही तिचं नाव नव्हे. मल्याळममध्ये चेची म्हणजे थोरली बहीण. तिचा धाकटा भाऊ नोकरी शोधायला आला होता, सहा महिने तिच्याकडेच होता, तो तिला चेची म्हणायचा. ते वसाहतीने उचललं. माझी आजीसुद्धा तिला ‘चेचीबाई’ म्हणायची. म्हणजे ताईबाईच की.

चेचीचं मराठी ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांकडून शिकलेलं. मल्याळममध्ये क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. तो आला, ती आली, ते आलं, सगळ्यांना एकच ‘वन्नु’. मराठीतली ही आला-आली-आलंची कटकट चेचीने एकदाच निकालात काढली होती: सरसकट स्त्रीलिंग. मला विचारायची, ‘तू जेवली?’ आईला विचारायची, ‘साहेब आली का?’ बाबांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तेच दारातून ‘हो, आली’ म्हणत चपला काढायचे.

दुसऱ्या भाषेतलं गाणं आवडण्याचा विषय निघाला की एक वाक्य कुणीतरी टाकतंच: संगीताला भाषा नसते. मला ते कधी पटलं नाही. सतारीला भाषा नसते, मान्य. गाण्याला असते, आणि न कळणारं गाणं ऐकताना तर भाषेशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. अर्थ मधे येत नाही, म्हणून शब्दांचा आवाज नीट लागतो. जीभ टाळूला कुठे टेकली, ओठ कुठे मिटले, कुठल्या अक्षरावर श्वास संपला. आपल्या भाषेतलं गाणं ऐकताना आपण शब्दांवर थांबतच नाही, ओट्यावरून घरात शिरावं तसे अर्थात शिरतो. परक्या भाषेच्या गाण्यात दार बंद असतं. मग ओट्यावरच बसावं लागतं आणि ओटा केवढा छान आहे ते तेव्हा कळतं.

यावर लोक थेट ज्ञानेश्वरांनाच साक्षीला आणतात. ‘शब्देंविण संवादु, दुजेंवीण अनुवादु’. पण त्याच ओळीचा पुढचा भाग सोयीने गाळतात: ‘हें तंव कैसेनि गमे’. हे कसं बरं उमजावं? ज्ञानेश्वर इथे ठासून सांगत नाहीत, विचारतायत. आणि विचारतायत कुणाबद्दल, तर ‘कानडा’ विठ्ठलाबद्दल. कानडा म्हणजे कर्नाटकातला, आणि कानडा म्हणजे न कळणारा, गहन. मराठी माणसाच्या सगळ्यात लाडक्या देवाची ओळख परक्या भाषेच्या नावाने करून दिली आहे, आणि लगेच पुढे, ‘तेणें मज लाविला वेधु’. आशाबाईंच्या आवाजातली ती तबकडी बाबा रविवारी लावायचे. आम्ही ‘कानडाऊ’ म्हणजे विठ्ठलाचं आडनाव समजत होतो.

आणि आपल्या भाषेतली गाणी आपल्याला कळतात, असं तरी कुठे आहे? ज्याने लहानपणी गणपतीच्या आरतीत ‘फळीवर वंदना’ म्हटलं नाही त्याने हात वर करावा. मूळ शब्द ‘फणिवरबंधना’, नागाचा पट्टा बांधलेला. आमच्याकडे देव भिंतीतल्या फळीवर होते, त्यामुळे माझ्या मते शंकेला जागाच नव्हती. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ तर अख्खी वसाहत करायची, आणि रामाचा दास ‘सदना’ वाट पाहण्याऐवजी ‘सजणा’ची वाट पाहायचा. इतक्या वर्षांत कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. समर्थांच्या नावावरची ही आरती चुकीची म्हणत म्हणतच मी मोठा झालो, आणि ती माझी नाही असं कुणी म्हणून दाखवावं.

रात्री आईची पाळी. आईची अंगाई ठरलेली, ‘निंबोणीच्या झाडामागे’. १९७७ साली आलेल्या चित्रपटातलं, सुमन कल्याणपुरांनी गायलेलं. आईचा आवाज दिवसभर वर्गावर ओरडून बसलेला, आणि बोटांना खडूचा वास. त्या गाण्यात चंद्र झोपलाय, गोठ्यात गाय झोपलीये, घरट्यात चिमणी झोपलीये, वेलीवर जाईजुईसुद्धा झोपल्यात. एवढे साक्षीदार समोर उभे केल्यावर आरोपीला झोपण्यावाचून गत्यंतर नसायचं. आईचं गाणं कळायचं, म्हणून मी झोपायचो. चेचीचं कळायचं नाही आणि तरीही झोपायचो, अशी माझी पक्की आठवण आहे.

चेचीच्या गाण्यातलं मला आपलं वाटलेलं पहिलं अक्षर म्हणजे ‘ळ’. तळमजल्यावरचं कानपूरचं कुटुंब पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहून ‘शाला’ आणि ‘केला’च म्हणायचं. चेचीचा ळ मात्र ठणठणीत, आजीच्या ळ च्या तोडीचा. पण त्या गाण्यात ळ सारखंच वाटणारं आणखी एक अक्षर होतं. ‘पुत्तन् पविऴक्कोडियो’, आणि त्याच्या पुढच्या ओळीच्या शेवटी ‘मोऴियो’. आम्ही ‘पविळ’ म्हणायचो, ‘मोळियो’ म्हणायचो आणि चेची गाणं तोडायची. पोरं झोपली नाहीत तरी चालेल, पण तो ऴ तिला सहन व्हायचा नाही. माझ्या हनुवटीखाली बोट लावून ती म्हणायची, ‘जीभ मागे घे. अजून मागे. लागायला नको. कुठंच लागायला नको.’ जीभ मागे वळवायची, पण टाळूला टेकू द्यायची नाही, मधल्या मधे अधांतरी ठेवायची. माझी जीभ दर वेळी कुठे ना कुठे टेकायचीच. मग लाळ गळायची. बहिणीला चार दिवसांत जमलं आणि तिने ते महिनाभर मिरवलं. हे अक्षर रोमन लिपीत ‘झेड’ आणि ‘एच’ जोडून लिहितात, म्हणून आपली वर्तमानपत्रं कोझिकोड आणि अलप्पुझा छापतात. तिथे झ चा मागमूसही नाही. कधी छापलेलं दिसलं की आजही माझी हनुवटी वर होते.

१९८८ च्या १५ ऑगस्टला दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ लागलं आणि पुढे काही वर्षं दोन कार्यक्रमांच्या मधे लागतच राहिलं. १४ भाषा. चेचीकडे टीव्ही नव्हता. आमच्या टीव्हीतून भीमसेनजींचा पहिला सूर जिन्यात पोचला की ती हातात डाव घेऊन पळत यायची आणि दारात उभी राहायची. काश्मीर, पंजाब, सिंध करत गाणं खाली उतरायचं, तमिळ यायची, कन्नड यायची, तेलुगू यायची, आणि मग मल्याळमची ती काही सेकंदांची ओळ. ती ओळ चेची गायची नाही, नुसती ऐकायची. ओळ संपली की आल्या पावली परत. मराठीची ओळ पार शेवटाकडे होती, तिच्यासाठी ती कधी थांबली नाही. आईला एकदा याचं वाईट वाटलं. ‘ताई, तुमची ओळ येईपर्यंत माझी फोडणी जळते,’ असा खुलासा आला. आमच्या वयाच्या सगळ्यांना त्या गाण्यातली तमिळ, बंगाली, उडिया अक्षरं तोंडपाठ आहेत. त्यातली निम्मी चुकीची आहेत याची मला खात्री आहे.

पुढे चेचीचे यजमान निवृत्त झाले आणि ती मंडळी त्रिशूरकडे, गावी परत गेली. शिलाई मशीन गोणपाटात गुंडाळून ट्रकवर चढवलं तेवढं मला दिसतं. मी कॉलेजात होतो. त्या वयात असल्या गोष्टींचं फारसं काही वाटत नाही. किंवा वाटतं आणि आपण क्रिकेट खेळायला जातो.

मीही बाबांसारखाच यंत्रांच्या धंद्यात आलो, पुण्यात. २००७ साली कंपनीने तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला जपानला पाठवलं, नागोयाजवळ. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना कराओकेला नेलं. तिथे आमच्या सेक्शनचा एक म्हातारा फिटर उठला. तीन आठवड्यांत आमच्याशी तो एकूण वीस शब्द बोलला असेल. त्याने ‘उए ओ मुइते अरुको’ म्हटलं. चाल हलकी, चालताना शीळ घालावी तशी, आणि मधे खरोखरच शीळ आहे. आम्ही तीन-चार भारतीय टाळ्यांनी ठेका धरायला लागलो. जपानी माणसं मात्र टेबलाकडे बघत बसली होती. टाळ्या आपोआप थांबल्या. नंतर दुभाष्याने सांगितलं: वर बघत चालू या, म्हणजे डोळ्यांतलं पाणी खाली पडणार नाही. १९६१ चं गाणं, क्यू साकामोतो नावाच्या कोवळ्या पोराने म्हटलेलं. १९६३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना मूळ नाव उच्चारायला जड जाईल म्हणून त्याला नाव दिलं होतं ‘सुकियाकी’. सुकियाकी हा गोमांसाच्या पातळ कापांचा एक पदार्थ आहे. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपलं एखादं विरहगीत परदेशात ‘झुणका-भाकर’ नावाने गाजावं, तसं. मी त्या रात्री या नावावर बराच वेळ तणतणलो. मग आठवलं की एका गाण्याला मी ‘किडा’ म्हणत होतो, आणि गप्प बसलो.

फिटरने माईक ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बोट वर केलं. ‘प्लेन,’ एवढंच म्हणाला. १९८५ च्या ज्या विमान अपघातात ५२० माणसं गेली, त्यात साकामोतो होता, हे मला परत आल्यावर वाचून कळलं. तेव्हा मला वाटलं होतं, उद्या तुमचं विमान आहे, असं म्हणतोय. मी मान डोलावून हसलो होतो.

अर्थ कळल्याने गाणं मोठंच होतं असंही नाही. २०१७ च्या डिसेंबरात मिरजेला मामेभावाची हळद होती. बँजो पार्टीने झिंगाट झाल्यावर थेट ‘देस्पासितो’ काढलं. त्या वर्षी ते सगळीकडेच होतं. हळद लावलेला नवरा नाचला, मामा नाचले, ऐंशीच्या घरातली आजी खुर्चीत बसून टाळ्या वाजवत ‘पासितो, पासितो’ म्हणायला लागली. मला अवदसा आठवली आणि मी मोबाइलवर भाषांतर काढलं. दोन कडवी वाचली, आजीकडे पाहिलं आणि मोबाइल खिशात घातला. काही अर्थ हळदीच्या मांडवात काढायचे नसतात.

चेचीचं गाणं परत आलं ते एका अभंगामुळे. मुंबईत माटुंग्याच्या बाजूला कर्नाटक संगीताच्या एका मैफलीला गेलो होतो. मला त्यातलं कळतं म्हणून नव्हे, तिकीट फुकट मिळालं म्हणून. दोन तास कृती, तानम, मृदंगाची सवाल-जबाबी, आणि शेवटी त्यांच्याकडे हलक्याफुलक्या रचना घेतात त्या आल्या. त्या भागाला ते ‘तुक्कडा’ म्हणतात. तो आपला तुकडाच असणार. आणि त्या तुक्कड्यात एकदम तुकारामांचा अभंग. सभागृहातले जेमतेम दहा-बारा मराठी लोक सावरून बसले.

गाणारी मुलगी तयारीची होती. ळ असा की पंढरपुरात दाद मिळावी. पण ‘जाऊ’तला ज ती ‘जिलबी’तल्या ज सारखा म्हणत होती, आणि ‘चोखट’चा च ‘चिवड्या’तला. शेजारच्या दोघी मराठी बायकांनी एकमेकींकडे पाहून ओठ मुडपले. मीही मुडपले असावेत. पुढच्या रांगेत एक तमिळ आजोबा होते, कपाळावर गंधाच्या उभ्या रेघा. ते डोळे मिटून मांडीवर ताल धरत अख्खा अभंग बरोबरीने पुटपुटत होते, सगळी कडवी. मला तिसऱ्या कडव्याच्या पुढे येत नव्हता. त्यांच्या तोंडात आमचा च होता, बहुतेक तीन पिढ्यांचा चुकीचा. माझ्या तोंडात त्यांच्या शेजाऱ्यांचा ऴ होता, तोही चुकीचा. ओठ मुडपायची मला लाज वाटली.

तंजावरात १६७६ ते १८५५ मराठ्यांचं राज्य होतं, हे आपण इतिहासात दोन ओळींत वाचतो. त्या पावणेदोनशे वर्षांत मराठी कीर्तन तिथे असं मुरलं की आजही दक्षिणेतले हरिकथाकार साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्तं याच नावांनी म्हणतात. त्यांच्या भजनी मंडळांत तुकाराम, नामदेव गुरूकडून शिष्याकडे असे आलेत, शब्दकोशातून नव्हे. बापाने मुलाला म्हणून दाखवावं तसे. म्हणजे चुकांसकट.

त्या रात्री घरी येऊन मी पहिल्यांदा ‘ओमनत्तिंकळ् किडावो’ शोधलं. पस्तीस वर्षं गाणं डोक्यात होतं आणि शोधायचं सुचलं नव्हतं. त्याला अर्थ आहे, हेच मुळात मी विसरलो होतो.

सगळं गाणं म्हणजे प्रश्न आहेत. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो ‘ओ’ येतो तो आपला ‘अहो’मधला ओ नव्हे, तो ‘का?’ आहे. लाडका चंद्राचा बाळ का हा? की कोवळं कमळाचं फूल? फुलात भरलेला मध का? पूर्ण चंद्राचं चांदणं का? नव्या पोवळ्याची वेल का? पविऴम् म्हणजे पोवळं. दोन शब्द शेजारी ठेवून पाहिले आणि माझ्या ‘पविळ’ची मला जरा कमी लाज वाटली. पोपटाच्या पिलांचं बोबडं बोलणं का? नाचणारा मोर का? पंचम लावणारा कोकीळ का? असं कितीतरी. आणि पुढे एक ओळ येते, गडद अंधारात ठेवलेला दिवा का. तिथे मी थांबलो. चेचीच्या त्या खोलीला एकच खिडकी होती आणि दुपारी ती त्या खिडकीला जुनी साडी लावायची.

एकाही प्रश्नाचं उत्तर गाण्यात नाही. आणि अंगाई असूनही झोपेचं नाव कुठे नाही. चंद्र आहे, पण तो झोपलेला नाही. कुणीच झोपलेलं नाही. नुसतं बाळाकडे बघत राहणं आहे.

खरा धक्का दुसराच. त्या गाण्यात मला कळण्यासारखे शब्द भरलेले होते. कोमळ, मधु, निधी, पारिजात, फळ, अमृत. ‘परिपूर्णेंदु’ तर पंचांगातला वाटावा असा शब्द. माझ्या आत्याचं नाव इंदू. ती दर दिवाळीला आमच्याकडे यायची, आणि रोज दुपारी चेचीच्या तोंडून तिचं नाव माझ्या कानावरून जात होतं, मला एकदाही ऐकू आलं नाही. जे शब्द माझे होते ते मी ऐकले नाहीत, आणि जे नव्हतेच ते, किडा आणि पू, तेवढे मात्र ऐकले.

हे गाणं रचलं इरयिम्मन तंपी यांनी. त्रावणकोरच्या राणी गौरी लक्ष्मीबाईंना १८१३ मध्ये मुलगा झाला, त्याच्यासाठी. गादीला वारस नव्हता, त्यामुळे पोटात असल्यापासूनच तो राज्याचा धनी. त्याला ‘गर्भश्रीमान’ म्हणत. हा मुलगा म्हणजे स्वाती तिरुनाळ. राणी १८१५ मध्ये गेली, मुलगा दोन वर्षांचा असताना. पुढे तो राजा झाला, संगीतकार म्हणून जास्त ओळखला गेला आणि १८४६ मध्ये, तेहतीस वर्षांचा असताना, वारला. त्याच्या रचना संस्कृतात आहेत, मल्याळममध्ये आहेत, तेलुगूत आहेत, हिंदुस्तानीतही आहेत. एका भाषेत मावायचं नाही असंच त्याने ठरवलं असावं.

आणि या राजाचा एक गुरू होता तंजावरचा मराठी माणूस, सुब्बा राव. तो पुढे त्याचा दिवाण झाला. तंजावरहूनच मेरुस्वामी नावाचे मराठी कीर्तनकार त्याच्या दरबारी आले. त्यांचं कीर्तन ऐकून राजाने त्या धर्तीवर ‘कुचेलोपाख्यान’ आणि ‘अजामिलोपाख्यान’ रचलं. म्हणजे ज्या बाळाला पहिल्यांदा हे गाणं म्हटलं गेलं, ते बाळ मोठं होऊन तिरुवनंतपुरमला बसून मराठी कीर्तन ऐकत होतं. मेरुस्वामींच्या च आणि ज बद्दल त्याचं काय मत होतं कोण जाणे. हे वाचलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. बायकोला उठवावंसं वाटलं, पण तेवढा शहाणपणा उरला होता.

चेचीचा मुलगा आता बंगळूरुला असतो. गेल्या ओणमला तो गावी गेला होता तेव्हा त्याने व्हिडिओ कॉल लावून दिला. चेची सत्तरी ओलांडलेली, केस सगळे पांढरे, मशीन मात्र मागे खिडकीशी दिसत होतं. मी तिला माझा शोध ऐकवला. तंपी, राणी, गर्भश्रीमान, तंजावर, मेरुस्वामी, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘हो, राजा. माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘शाळेत होती.’

केरळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट मी तिला तोऱ्यात सांगत होतो. मग म्हटलं, निदान गाऊन दाखवतो. तिची नात शेजारी येऊन बसली. मी पहिल्या दोन ओळी नीट म्हटल्या. ‘पविऴ’पाशी आलो तेव्हा चेचीने पडद्यावर स्वतःच्या हनुवटीखाली बोट लावलं आणि भुवया वर केल्या. जीभ मागे घेतली, अजून मागे घेतली. टेकली. नात खो खो हसली आणि आजीला मल्याळममध्ये काहीतरी म्हणाली. चेचीने मला त्याचं भाषांतर करून सांगितलं नाही.

मी म्हटलं, ‘हसू दे. पण चेची, या गाण्यावर मी किती दुपारी झोपलोय तुझ्याकडे.’

‘तू?’ चेची म्हणाली. ‘तू कधी झोपली? माझी मुलगा झोपायची, तुझी बहीण झोपायची. तू किडा-किडा करून दोघांना उठवायची. मग मी तुला मशीनखाली बसवायची, बटणं निवडायला.’

बटणांचा डबा मला आठवत होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर पोचे आलेला. चार भोकांची बटणं एकीकडे, दोन भोकांची दुसरीकडे, आणि डोक्यावर बंद मशीनची ती थंड लोखंडी पट्टी. तो सकाळचा खेळ होता असं मी इतकी वर्षं समजत होतो.